पुलावरची सायकल

सायकल चोरीला गेली की माणूस ते भेटेल त्याला सांगतो. माझी गेली तेव्हा मीही सांगितलं. शेजारच्या खोल्यांतल्या मैत्रिणींना, फोनवर आईला, प्रयोगशाळेत समोर येईल त्याला. पण त्याच्या आदल्या वर्षी मी स्वतः चोरीची सायकल विकत घेतली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. विद्यापीठांच्या आवारातल्या सायकलचोरीबद्दल मला जे म्हणायचंय ते ही गोष्ट वगळून म्हणता येणार नाही, म्हणून ती आधी सांगते.

नेदरलँड्समधल्या एका तंत्रविद्यापीठात मी एमएस्सीसाठी गेले होते. त्या देशात माणसं पावणेदोन कोटींच्या पुढे आणि सायकली सुमारे २ कोटी ३० लाख. प्राध्यापक सायकलवर, आजीबाई सायकलवर, पुढच्या पेटीत दोन मुलं बसवून आई सायकलवर. माझी खोली गावाच्या एका टोकाला आणि विद्यापीठ दुसऱ्या टोकाला. सायकल घ्यायलाच हवी होती. दुकानातली जुनी सायकल दीडशे युरोच्या घरात जात होती. त्या काळात मी प्रत्येक युरोचे मनात रुपये करत असे. बारा-तेरा हजार रुपये जुन्या सायकलीला द्यायचे, हे सांगलीहून आलेल्या डोक्याला पटेना.

तेव्हा आमच्या आधी आलेल्या एका मुलाने सांगितलं, की स्टेशनजवळच्या पुलावर रात्री एक जण सायकल घेऊन उभा असतो, वीस-पंचवीस युरोत देतो. "चोरीची नसेल ना रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "इथे सायकली अशाच फिरत राहतात. आज याची, उद्या त्याची. माझी गेली, मी दुसरी घेतली." मग त्याने मला ॲमस्टरडॅमच्या पांढऱ्या सायकलींची गोष्ट ऐकवली. १९६५ साली प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने शहरात पांढऱ्या रंगाच्या, बिनकुलपाच्या सायकली ठेवायच्या असं ठरवलं होतं. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झालं की तिथेच सोडावी. गोष्ट खरी आहे. पोलिसांनी त्या सायकली उचलून नेल्या, कारण कुलूप न लावता सायकल सोडणं नगरपालिकेच्या नियमात बसत नव्हतं, हेही खरं. पण त्या तरुणांनी सायकली स्वतःहून दिल्या होत्या. पुलावरच्या माणसाला कुणी काही दिलेलं नव्हतं. हा फरक मला तेव्हाही कळत होता. तरी एक छान गोष्ट ऐकायला मिळाली आणि तिच्या आडोशाने मला हवं ते करता आलं.

मी गेले. तो माणूस एका जागी थांबत नव्हता, सायकल ढकलत चालत राही आणि चालता चालता भाव सांगे. पंचवीस म्हणाला, वीसला दिली. किल्ली मागितली तर नाही म्हणाला. मागच्या चाकाच्या गोल कुलपाची कडी करवतीने कापलेली होती, कापल्या जागी धातू चकाकत होता. मडगार्डवरचं एक स्टिकर नखांनी खरवडलेलं होतं. घंटीवर कुणीतरी हाताने सूर्यफूल रंगवलेलं होतं. हे सगळं मी पाहिलं आणि काही विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही. वीस युरो दिले आणि त्या सायकलवर बसून घरी आले. त्या रात्री मला आनंदच झाला होता, हे लिहायला आज जड जातंय.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. ग्रंथालयातून बाहेर आले तर माझ्या सायकलपाशी एक मुलगी उभी. तिचा हात घंटीवर होता. तिने विचारलं, "ही तुझी आहे?" मी हो म्हटलं. तिने फोनमधला फोटो दाखवला. तीच सायकल, तेच सूर्यफूल, तिच्या धाकट्या बहिणीने रंगवलेलं. मग ती खाली वाकली आणि फ्रेमवरचा नंबर तिच्याजवळच्या कागदाशी ताडून पाहिला. एकेक अंक मोठ्याने वाचला. ती ओरडली नाही, रागावून बोलली नाही. एवढंच विचारलं, "कुठून घेतलीस?"

मी म्हटलं, "एका मित्राकडून. तो भारतात परत गेला."

या सगळ्या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक ही. चोरीचा माल घेणं वाईटच, पण ते एकदा होऊन गेलं होतं. हे वाक्य मी त्या क्षणी, तिच्या डोळ्यांत पाहत, स्वतःला वाचवायला बोलले. तिने मित्राचं नाव विचारलं, मी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली की पोलिसांकडे तक्रार केलेली आहे, सायकल मिळाल्याचं आता कळवावं लागेल, आणि कुणी विकली ते समजलं तर त्यांना उपयोग होईल. पूल, वेळ, माणसाची चण, अंगातलं जाकीट, मला सगळं ठाऊक होतं. मी गप्प राहिले. माझ्या केबलच्या कुलपाची किल्ली तिच्या हातात दिली. कॅरियरवरची माझी पिशवी काढून घेताना तिने सहज सांगितलं, की ती एका बेकरीत पहाटेचं काम करते, आणि सायकल गेल्यापासून अंधारात चालत जात होती, कारण त्या वेळी बस नसते. टोमणा मारावा म्हणून ती हे बोलली नव्हती. तीही विद्यार्थिनी, तिलाही दुसरी सायकल परवडत नव्हती, एवढंच सांगत होती.

घरी येऊन मी कायदा शोधला. डच फौजदारी कायद्यात चोरीचा माल जाणूनबुजून घेण्यासाठी ४१६ वं कलम आहे. त्याच्या पुढे ४१७ बिस आहे. माल चोरीचा असावा अशी शंका यायला हवी होती, तरीही ज्याने घेतला, त्याच्यासाठी हे कलम. मला माहीत नव्हतं, असं म्हणून त्यातून सुटता येत नाही. कापलेलं कुलूप, किल्ली नाही, रात्रीचा पूल, वीस युरो. ते कलम वाचताना मला माझंच वर्णन वाचल्यासारखं वाटलं. तरीही मी पोलिसांकडे गेले नाही. व्हिसाची भीती वाटली, शिष्यवृत्तीची वाटली. या भीतीला मी बरेच दिवस नाइलाज म्हणत होते. त्याच हिवाळ्यात आमच्या इमारतीतल्या आणखी सायकली गेल्या. त्या त्याच माणसाने नेल्या की नाही हे मला कधीच कळणार नाही, पण त्या पुलाबद्दल मी सांगितलं असतं तर कुणीतरी तिथे जाऊन पाहिलं असतं.

त्यानंतरची सायकल मी दुकानातून, पावतीसह घेतली. जुनीच, पण चालवायला हलकी. पुढचं चाक हाताने खटका ओढून सुटणारं. ती गेली ती मात्र माझ्या अज्ञानामुळे. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण हे अज्ञान मला आजही प्रत्येक आवारात दिसतं.

कुलपाबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते सांगलीतलं. बाबांच्या काळ्या सायकलला मागच्या चाकाला असंच गोल कुलूप होतं, खटका खाली ओढला की कडी आऱ्यांमधून फिरून बसायची. त्यांच्या तरुणपणी सायकलला नगरपालिकेचा बिल्लाही असायचा. दरवर्षी कर भरायचा, बिल्ला लावून घ्यायचा, नाहीतर पोलीस अडवायचा. बाबा ती सायकल वाण्याच्या दुकानापुढे, देवळापुढे, बँकेपुढे नुसतं ते कुलूप लावून सोडत आणि ती जागची हलत नसे. मला वाटायचं ही कुलपाची करामत. खरं तर त्या रस्त्यावर ती कुणाची सायकल आहे हे पानवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी तिला हात लावला असता तर चारचौघांनी हटकलं असतं.

विद्यापीठाच्या आवारात हजारो सायकली, हजारो अनोळखी माणसं. दर वर्षी बरीच मुलं जातात, बरीच नवी येतात. एकदा माझीच किल्ली हरवली तेव्हा मी मागचं चाक उचलून धरून सायकल भर दुपारी आवारातून दुकानापर्यंत ढकलत नेली. शेकडो लोक शेजारून गेले, एकानेही विचारलं नाही. उलट एकाने दार उघडून धरलं. चोरालाही असंच दार उघडून धरतात, हे त्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

नाताळच्या सुट्टीत मी सांगलीला गेले तेव्हा सायकल इमारतीच्या मागे ठेवून गेले. मागच्या चाकाला गोल कुलूप, आणि पुढच्या चाकातून केबल ओवून ती नुसतं चाक अडकवायच्या खाचेच्या स्टँडला. दोन कुलपं लावल्याचं समाधान होतं. परत आले तर पुढचं चाक केबलला जसंच्या तसं बांधलेलं, बाकी सायकल नाही. चाकाचा खटका ओढायचा आणि मागची बाजू उचलून न्यायची, एवढंच काम होतं. केबल कापायचीही गरज पडली नाही. कापायची असती तरी चांगल्या बोल्ट कटरला ती काही सेकंदांत तुटते.

पोलिसांचा तक्रारीचा अर्ज संकेतस्थळावर भरता येतो. त्यात कंपनी, रंग, आणि फ्रेम नंबर विचारतात. नंबर माझ्याजवळ नव्हता. दुकानदाराने तो पावतीवर लिहून दिला होता आणि पावती मी खोली आवरताना फेकली होती. त्या देशात चोरीच्या सायकलींची सरकारी नोंदवही आहे. पोलिसांकडची तक्रार तिच्यात जाते आणि कुणीही नंबर टाकून सायकल चोरीची आहे का ते पाहू शकतं. नंबरच नाही म्हटल्यावर माझी सायकल त्या वहीपुरती कधी नव्हतीच. काही आठवड्यांनी विक्रीच्या जाहिरातीत तिच्यासारखीच एक दिसली, पुढचं चाक वेगळ्या रंगाचं. ती माझी आहे असं मला वाटलं, पण सिद्ध काय करणार? बेकरीत काम करणाऱ्या त्या मुलीने कागदावरचे अंक मोठ्याने वाचले होते. माझ्याकडे वाचायला काही नव्हतं.

पावतीची प्रत मिळेल का म्हणून दुकानात गेले. प्रत मिळाली नाही, पण तिथल्या वयस्क कारागिराने एक सायकल उलटी करून मला सगळं समजावलं. नंबर बहुतेक पॅडलच्या आसाखाली किंवा सीटच्या दांडीजवळ ठोकलेला असतो, त्याचा फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवायचा. गोल कुलूप असूदे, पण त्याने सायकल फक्त जागच्या जागी फिरायची थांबते. तिला जमिनीत रोवलेल्या एखाद्या जाड वस्तूशी जखडणारं दुसरं कुलूप हवंच. साखळी किंवा यू आकाराचं पोलादी कुलूप फ्रेममधून जायला हवं, नुसत्या चाकातून नाही. यू कुलूप छोटं असेल तर अमेरिकन मेकॅनिक शेल्डन ब्राउन सांगत असे ती पद्धत वापरायची. मागचं चाक फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत येतं तिथे, रिम आणि टायरभोवती कुलूप घालून ते स्टँडला अडकवायचं. फ्रेमला कुलूप लागलेलं दिसत नाही, पण रिम त्रिकोणातून बाहेर निघत नाही, म्हणून सायकल सुटत नाही. कुलूप जितकं तंग बसेल तितकं चांगलं, म्हणजे पहारीला आत शिरायला फट मिळत नाही. कुलपाचं भोक खाली, आणि कुलूप जमिनीला न टेकलेलं, नाहीतर त्यावर घाव घालायला फरशीचा आधार मिळतो. दोन कुलपं दोन जातींची असावीत, कारण एका हत्याराने दोन्ही सहसा तुटत नाहीत.

महागडं म्हणजे भक्कम असंही नाही, हे त्यानेच सांगितलं. २००४ साली अमेरिकेत लोकांनी गोल किल्लीची नावाजलेली कुलपं साध्या बॉलपेनची नळी खुपसून उघडून दाखवली होती आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती. नेदरलँड्समध्ये कुलपांची चाचणी करून त्यांना तारे देतात, विमा कंपन्या सायकलसाठी बहुधा किमान दोन तारे मागतात. बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे मात्र कोणतंच कुलूप फार वेळ टिकत नाही, हेही त्याने लपवलं नाही. कुलूप चोराचा वेळ खातं आणि आवाज करायला लावतं. म्हणून सायकल वर्दळीच्या, उजेडाच्या जागी ठेवायची. माझी इमारतीच्या मागे होती.

हे सगळं मी पाळू लागले आणि त्यानंतर माझी सायकल गेली नाही. पण एवढ्यावर मन भरेना. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातला एक प्रयोग मी नंतर वाचला, डॅनियल नेटल, केनेथ नॉट आणि मेलिसा बेटसन यांचा, २०१२ साली छापलेला. आवारातल्या सायकल स्टँडपैकी काहींवर त्यांनी रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचं मोठं चित्र लावलं आणि खाली सायकलचोरांना उद्देशून आमचं लक्ष आहे अशी ओळ. त्या जागांवरच्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. जिथे चित्र नव्हतं तिथल्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे चोरी बहुतांशी शेजारच्या स्टँडवर सरकली. माझं कुलूपही हेच करतं, असं मला तेव्हा वाटलं. भक्कम कुलूप लावून मी चोराला शेजारच्या सायकलकडे पाठवते, आणि शेजारची सायकल पहाटे बेकरीत जाणाऱ्या कुणाची तरी असते.

माझं मत असं झालं आहे, की आवारातली चोरी मुळापासून कमी करायची तर नवीन येणाऱ्या मुलांच्या पहिल्या पंधरवड्याकडे बघायला हवं. पुलावरच्या माणसाचं गिऱ्हाईक तेव्हा तयार होतं. पैसे थोडे, गाव अनोळखी, वर्ग सुरू झालेले, आणि आधी आलेलं कुणीतरी कानात सांगणारं. दुसऱ्या बाजूला पदवी घेऊन परत जाणारी मुलं आपल्या सायकली स्टँडला तशाच सोडून जातात. त्या महिनोन्‌महिने गंजतात, जागा अडवतात, आणि पालिकेची माणसं त्यांवर चिठ्ठी लावून शेवटी उचलून नेतात. या सोडलेल्या सायकली जूनमध्ये गोळा करून, दुरुस्त करून, नंबर नोंदवून सप्टेंबरमध्ये नव्यांना स्वस्तात दिल्या, तर वीस युरोच्या सायकलला भावच राहणार नाही. हे काम विद्यार्थी संघटनेलाही जमण्यासारखं आहे. खाचेचे स्टँड काढून फ्रेम बांधता येईल अशा जाड लोखंडी कमानी बसवणं हे मात्र विद्यापीठाचंच काम, आणि ते इमारत बांधतानाच व्हायला हवं. उट्रेख्ट स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा राखणदार असलेला तळ २०१९ मध्ये पुरा झाला, पहिले २४ तास तिथे पैसे पडत नाहीत. ज्या देशाला हे सुचतं आणि जमतं, त्या देशातल्या विद्यापीठांत अजूनही खाचेचे स्टँड का असावेत, हे मला समजत नाही.

भारतातल्या वसतिगृहांचं वेगळं काही नाही. सेमिस्टर संपताना फाटकाबाहेर निम्म्या भावात मिळणारी सायकल तिथेही असते, आणि चोरीचा माल घेणं आपल्याकडेही गुन्हाच आहे. बिल्ल्याची पद्धत केवळ करापुरती होती, पण तिच्यामुळे प्रत्येक सायकलला एक नंबर आणि त्या नंबरामागे एक नाव होतं. प्रवेश घेतानाच विद्यापीठाने सायकलचा फ्रेम नंबर लिहून घेतला आणि एक चिकटपट्टी दिली तर तेवढंच साधेल. खर्च नगण्य आहे, फाटकावरच्या रखवालदाराला विचारायला काहीतरी आधार मिळतो.

शिक्षण संपवून मी तिथेच नोकरीला लागले. गेल्या वर्षी नागपूरहून आलेला एक मुलगा ओळखीतून माझ्याकडे आला होता. "ताई, एक जण तीस युरोत देतोय, घेऊ का?" त्याने विचारलं आणि फोनवर फोटो दाखवले. मी म्हटलं, "त्याच्याकडून फ्रेम नंबर मागव." नंबर देणार नाही असं मला वाटलं होतं, पण त्या माणसाने पॅडलखालचा फोटो काढून पाठवला. नोंदवहीत टाकला तर सायकल चोरीची निघाली.

मुलगा म्हणाला, "बरं झालं विचारलं. नाही घेत मग." फोन खिशात टाकून तो उठायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "ही कुणाची तरी आहे. आणि तो माणूस उद्या दुसऱ्या कुणाला विकेल."

त्याने तेच विचारलं जे मी त्या वर्षी स्वतःला विचारलं होतं. आपल्याला काही त्रास तर नाही ना होणार, व्हिसाचं काही? मी त्याला बेकरीतल्या मुलीची गोष्ट सांगितली, पुलासकट आणि त्या खोट्या वाक्यासकट. मग आम्ही दोघांनी मिळून पोलिसांना कळवलं. जाहिरात, नंबर, भेटीची ठरलेली जागा आणि वेळ, सगळं दिलं. माझं नाव आणि पत्ताही दिला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्याच वयस्क कारागिराच्या दुकानात गेले. एकशेवीस युरोत एक निळी सायकल आवडली. निम्मे मी दिले, पगार सुरू झाला की फेड म्हटलं. पैसे देण्याआधी त्याने स्वतःच सायकल उलटी केली आणि नंबराचा फोटो काढला.